चौपट वेळ, दुप्पट खोली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तांबे आणि निकेल जोडून तापवले की एकमेकांत कसे मिसळतात, यावरच्या माझ्या लेखात मी प्रत्येक टक्केवारीला वेगळा विसरण गुणांक (मिसळण्याचा वेग सांगणारा आकडा) दिला होता. त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पहिला असा: "हिंगण्याच्या एमआयडीसीत आम्ही कार्ब्युरायझिंग (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणं) करतो. एकच विसरण गुणांक धरतो, चौपट वेळ दिला की केस डेप्थ (कठीण कवचाची खोली) दुप्पट येते. मग प्रत्येक टक्क्याला वेगळा आकडा कशाला?" दुसरा: तक्त्यातले दोन्ही टोकांचे (जवळजवळ शुद्ध तांबं आणि जवळजवळ शुद्ध निकेल) आकडे पटत नाहीत.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी वापरलेल्या मटानोच्या पद्धतीत खोलीनुसार संमिश्रण (दोन धातूंची टक्केवारी) कसं बदलतं याचा आलेख काढतात; त्यावरून एखाद्या संमिश्रणाचा गुणांक काढायला त्या ठिकाणच्या उताराने भागावं लागतं आणि टोकापासून तिथपर्यंतच्या क्षेत्रफळाने गुणावं लागतं. टोकाशी रेषा जवळजवळ आडवी होते आणि क्षेत्रफळही नगण्य उरतं. संमिश्रण मोजणाऱ्या प्रोबच्या मोजणीतली किरकोळ चूक तिथे कितीतरी पटींनी फुगते. अशा जागी मी तीन अंकी आकडे छापायला नको होते. ते काढतोय.

पहिला आक्षेप मात्र मान्य नाही, आणि त्यावर थोडं थांबून बोलायला हवं. तुमचा नियम खराच आहे. पण त्यावरून गुणांक स्थिर आहे असं सिद्ध होत नाही. १८९४ मध्ये बोल्ट्झमनने दाखवलं की गुणांक संमिश्रणानुसार कसाही बदलो, सुरुवातीची आणि काठाची परिस्थिती तीच राहिली, तर प्रत्येक संमिश्रणाची खोली वेळेच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात सरकते. म्हणजे गुणांक स्थिर असो वा बदलता, चौपट वेळेत दुप्पट खोली येणारच. फरक दिसतो तो आलेखाच्या आकारात. मटानोने १९३३ मध्ये तोच आकार वाचून गुणांक काढले. तांबे-निकेलच्या जोडाला १००० अंशांवर ठेवलं, तर तांब्याच्या बाजूला मिश्रण लांबवर पसरतं आणि निकेलच्या बाजूला लवकर संपतं, कारण दोन टोकांच्या गुणांकांत दहापटीहून जास्त अंतर आहे. एकच आकडा धरून काढलेली रेषा दोन्हीकडे सारखी येते; ती या नमुन्यावर बसतच नाही.

तुमच्या पोलादातही हेच आहे. ऑस्टेनाइटमध्ये (भट्टीत तापलेल्या पोलादाच्या रूपात) कार्बन जितका जास्त, तितका तो जास्त वेगाने सरकतो. तुम्ही एकच कार्बन पोटेन्शियल (भट्टीतल्या वायूची कार्बन देण्याची पातळी) ठेवून एकाच कठीणपणापर्यंत केस डेप्थ मोजता, म्हणून एका आकड्यावर भागतं. पोटेन्शियल बदललं, बूस्टनंतर (जास्त पातळी) डिफ्यूज (कमी पातळी) दिलं, की तो आकडा फसवेल.

(तांबे-निकेलमध्ये दोन्ही अणू वेगवेगळ्या वेगाने चालतात, म्हणून दोघांचे वेग वेगळे काढायचे तर सांध्यावर किर्केंडालने लावल्या तशा बारीक तारांची खूणही लागते. कार्बन मात्र लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून जातो, तिथे ते लफडं नाही.)

तुमच्याकडे लेथ आहेच. एकाच बारचे दोन तुकडे एकाच तापमानाला, एकाच पोटेन्शियलवर ४ आणि १६ तास ठेवा. क्वेंच करू नका, सावकाश थंड करा. मग पाव-पाव मिलीमीटरचे थर उतरवून प्रत्येक थराच्या चिपांमधला कार्बन तपासून घ्या. खोलीला वेळेच्या वर्गमुळाने भागून दोन्ही आलेख एकावर एक ठेवू. आकडे पाठवलेत तर उतार आणि क्षेत्रफळ मी काढून देतो, आणि ते इथेच छापू.