सुनावणी उघडी, निर्णय कुठे?

चंद्रपूरच्या माझ्या जुन्या मित्रमंडळींत जंगलाच्या कायद्यावर चर्चा निघाली की कोणीतरी मला उद्देशून हमखास लिहितो, 'तुमच्याकडे अमेरिकेत समित्या मंत्र्यांना घाम फोडतात, आमच्याकडे समिती म्हणजे विश्रामगृह, जेवणावळ आणि अहवाल.' यातला दुसरा भाग खोटा म्हणवत नाही. 2025च्या मे महिन्यात विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत दीड कोटी रुपयांहून अधिक रोकड सापडली. आणि 'पंचायत राज समिती येणार' या नुसत्या वार्तेने जिल्हा परिषदेत कशी धावपळ उडते, हे तिथे नोकरी केलेल्यांना वेगळे सांगायला नको. पहिला भाग मात्र तपासून घ्यावा असा आहे, कारण ज्या समितीचे कौतुक मित्र करतात तिच्या निर्णयांच्या परिघातच, युटात, मी राहतो.

युटा राज्यातली 60 टक्क्यांहून अधिक जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मालकीची आहे, शेजारच्या नेवाडात तर 80 टक्क्यांच्या आसपास. या जमिनीवरची गुरेचराई, तेल आणि वायूचे पट्टे, धरणे, राष्ट्रीय उद्याने, यांविषयीचे कायदे सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, ऊर्जा आणि नैसर्गिक संसाधने समितीकडे जातात. मित्र म्हणतात ती हीच समिती. 1816 मध्ये ती सार्वजनिक जमिनींची समिती म्हणून स्थापन झाली आणि 1977 मध्ये, तेलटंचाईच्या काळात स्वतंत्र ऊर्जा खाते उभे राहिले त्याच वर्षी, तिला आजचे नाव मिळाले. अंतर्गत व्यवहार खाते (म्हणजे केंद्राच्या जमिनी सांभाळणारे खाते) आणि ऊर्जा खाते यांच्या मंत्रिपदासाठी राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या व्यक्तीला आधी या समितीसमोर बसावे लागते. 2025च्या जानेवारीत डग बर्गम आणि ख्रिस राइट असेच बसले. सिनेटच्या डर्कसन इमारतीतल्या 366 क्रमांकाच्या दालनात अध्यक्ष आणि सदस्य उंच आसनांवर आणि साक्षीदार खाली टेबलाशी, अशी मांडणी असते. सदस्यामागे पाच मिनिटे मिळतात आणि घड्याळ सर्वांना दिसत असते. विचारायचे राहिलेले प्रश्न लेखी जातात आणि त्यांची उत्तरे सुनावणीच्या छापील प्रतीत येतात. हे सारे घरबसल्या थेट पाहता येते, आणि खरे सांगायचे तर त्यातला बराचसा भाग कंटाळवाणा असतो. सदस्याच्या पाच मिनिटांतली तीन त्याच्या स्वतःच्या भाषणात जातात.

तरीही या पद्धतीत काय ताकद आहे, हे टीपॉट डोम प्रकरणात दिसले. वायोमिंगमधला टीपॉट डोम आणि कॅलिफोर्नियातला एल्क हिल्स हे नौदलासाठी राखून ठेवलेले तेलसाठे. अंतर्गत व्यवहार मंत्री अल्बर्ट फॉल यांनी 1922 मध्ये ते हॅरी सिंक्लेअर आणि एडवर्ड डोहेनी या दोन तेलसम्राटांना निविदा न काढता भाडेपट्ट्याने दिले. सिनेटमध्ये बहुमत फॉल यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, आणि याच समितीतल्या तपासाचे जू मोंटानाचे डेमोक्रॅट थॉमस वॉल्श यांच्या मानेवर पडले. वॉल्श यांनी कागदांचे ढीग उपसले, करारांच्या तारखा जुळवल्या आणि न्यू मेक्सिकोत फॉल यांच्या कुरणावर अचानक आलेल्या सुबत्तेकडे बोट दाखवले. 1924च्या जानेवारीत डोहेनी यांनी समितीसमोर सांगितले की, आपण फॉल यांना एक लाख डॉलर रोख पाठवले, तेही काळ्या पिशवीत, मुलाच्या हाती. पुढे 1929 मध्ये फॉल लाचखोरीत दोषी ठरले. पदावरील गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते पहिले अमेरिकन मंत्री. अल्पमतातल्या एका सदस्याला खुल्या दालनात चिवटपणे प्रश्न विचारता आले, हे या प्रकरणाचे मर्म मला वाटते. (एन्रॉन बुडाल्यावर 2002च्या जानेवारीत याच समितीने ऊर्जाबाजारावरच्या परिणामांची सुनावणी घेतली. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा हिशेब आपल्याकडे माधव गोडबोले समितीने मांडला. पण ती सरकारने नेमलेली समिती होती, विधिमंडळाची नव्हे.)

आपल्या संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या 1993 पासून आहेत. ऊर्जा, कोळसा, पर्यावरण आणि वने अशा प्रत्येक विषयाला त्या आहेत. त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, सचिव आणि अधिकारी साक्ष देतात, मंत्री येत नाहीत. मंत्री सभागृहातच असतो आणि प्रश्नोत्तराच्या तासाला उत्तर देतो, हे त्यामागचे कारण ठीक आहे. बंद दाराचे समर्थनही अगदी पोकळ म्हणता येणार नाही: कॅमेरा नसला की सदस्य पक्षाची भूमिका बाजूला ठेवून बोलतात. 2013 मध्ये कल्याण बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखालील कोळसा आणि पोलाद समितीने 1993 ते 2008 या काळातले कोळसापट्ट्यांचे वाटप अनधिकृत ठरवले, तेव्हा ते धाडस अशा बंद खोलीतच शक्य झाले असावे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 214 पट्टे रद्द केले.

पण समितीला विचारलेच नाही तर? पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत 16 टक्के. 2023 मध्ये, वनकायदा कोणत्या जमिनीला लागू हे ठरवणारे वन (संवर्धन) दुरुस्ती विधेयक आले तेव्हा ते पर्यावरण आणि वनांच्या स्थायी समितीकडे न पाठवता नव्याने स्थापलेल्या संयुक्त समितीकडे दिले गेले. स्थायी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश यांनी आक्षेप घेतला, संयुक्त समितीतल्या काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, आणि विधेयकात एकही बदल न सुचवणारा अहवाल जुलैत आला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संसदेची मंजुरीही झाली. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचा वाद याच्या अगदी शेजारचा आहे. सहा जिल्ह्यांतली सुमारे 86 हजार हेक्टर जमीन वन आहे की महसूल, याचा वर्षानुवर्षे घोळ चालला, आणि ती वनच आहे हे अखेर 2025च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. माझ्या गावाकडच्या माणसाला स्वतःच्या गावाभोवतीची जमीन कोणाची हे न्यायालयाकडून कळते.

म्हणून मित्रांना अमेरिकेचे उदाहरण पूर्ण सांगावे लागते. 2025च्या जूनमध्ये, युटाचेच सिनेटर असलेले समितीचे अध्यक्ष माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात पश्चिमेकडच्या 11 राज्यांतली सुमारे 20 ते 30 लाख एकर सार्वजनिक जमीन सक्तीने विकण्याचे कलम घातले. घरे परवडावीत हा हेतू सांगितला गेला. ज्या समितीच्या सुनावण्या खुल्या म्हणून आपण वाखाणतो, त्या समितीने या कलमासाठी ना सुनावणी घेतली ना दुरुस्त्यांवर मतदान. अर्थसंकल्पी मार्गाने, एरवी लागणाऱ्या 60 मतांऐवजी, साध्या बहुमतात काम होत होते. कलम अडले ते या मार्गात बसत नाही या सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोना यांच्या निर्णयाने, आणि शिकार व मासेमारी करणाऱ्यांच्या रोषाने. माझा शेजारी वर्षानुवर्षे रिपब्लिकन पक्षाला मत देणारा शिकारी आहे. तो त्या आठवड्यात दुपारच्या जेवणाच्या सुटीत सिनेटरच्या कार्यालयाला फोन लावत बसत असे. मोंटाना आणि आयडाहोच्या रिपब्लिकन सिनेटरांनीही विरोध केला. ली यांनी जमीन कमी करून पाहिली आणि 28 जूनला कलम मागे घेतले.

समितीचे अनेक सदस्य पश्चिमेकडचे, खाणी आणि कुरणांच्या राज्यांतले असतात, हेही विसरता येत नाही. सोने, तांबे यांसारख्या कठीण खनिजांवर केंद्राला स्वामित्वधन (रॉयल्टी) न देणारा 1872चा खाणकायदा अजून लागू आहे. दीडशे वर्षे खुल्या सुनावण्या होऊनही तो जागचा हलला नाही.

तेव्हा आपल्याकडे काय मागावे? अमेरिकी समितीची नक्कल मला नको. विचारविनिमय बंद दाराआड चालू द्यावा, पण साक्ष उघड असावी: वनसचिवाने काय सांगितले, खाण कंपनीने काय मागितले, ग्रामसभेच्या निवेदनाला काय उत्तर मिळाले, हे अहवालासोबत शब्दशः छापावे. जमीन आणि खनिजे यांच्याशी निगडित प्रत्येक विधेयक विषयाच्या स्थायी समितीकडे जाणे नियमानेच बंधनकारक करावे, म्हणजे सरकारला सोयीची समिती निवडायला वाव राहणार नाही. ताडोबालगतच्या लोहारा खाणीविरुद्ध 2009 मध्ये चंद्रपुरात लोक उपोषणाला बसले होते, कारण त्यांचे म्हणणे नोंदवून घेणारे टेबलच कुठे नव्हते.