ड्राइव्ह आहे, पण सिलेक्टर 'हँड'वर

आपण लिहिलंत, "हे कंट्रोल्स मुंबईच्या काचेच्या टॉवरना ठीक. नाशिकच्या हवेत चार मजली इमारतीला कसले सेन्सर? जुना चिलर बदला, गच्चीवर सोलर टाका आणि शिपायाला स्विच बंद करायला सांगा." कंट्रोल्स म्हणजे एसी आणि पंखे गरजेप्रमाणे आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा; चिलर म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र. आपण स्वतः इमारत सांभाळता, म्हणून सविस्तर लिहितो.

शिपाई दिवे बंद करेल, नक्की. पण दुपारी अडीचला माणसं किती, ऊन कुठल्या बाजूला, त्यावरून एएचयूचा (गार हवा खोल्यांत सोडणाऱ्या युनिटचा) पंखा किती वेगाने फिरवायचा हे त्याने कसं ठरवावं?

कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात मी जानेवारीतल्या सकाळी गेलो होतो. बाहेर स्वेटरची थंडी आणि चिलर चालू! बाहेरची हवा आत घेणारा डँपर तारेने बांधून बंद केलेला. पंख्याला ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) होता, चांगले पैसे मोजून घेतलेला, पण सिलेक्टर 'हँड'वर, म्हणजे आपोआप नियंत्रण बंद, आणि डिस्प्लेवर ५० हर्ट्झ, म्हणजे पूर्ण वेग. ऑपरेटर म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावरून गरम होतंय म्हणून तक्रार आली होती साहेब, तेव्हा टाकलं हँडवर." ते तसंच राहिलं. वर जाऊन पाहिलं तर सेन्सर एसीच्या ग्रिलखालीच. थंड झोत थेट त्याच्यावर, त्यामुळे हॉल गार झाला असं समजून ड्राइव्ह पंखा हळू करायचा आणि कोपऱ्यातली माणसं घामाघूम. सेन्सर समोरच्या भिंतीवर नेला, तार सोडली, सिलेक्टर 'ऑटो'वर घेतला. दुपारी डिस्प्लेवर ४० दिसत होते आणि तक्रार नव्हती.

५० चे ४० झाले तर वीज २० टक्केच वाचते असं नाही. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाने बदलते: ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास निम्मी. नवा चिलर आणलात तरी हा पंखा 'हँड'वरच राहिला तर ही निम्मी वीज जातच राहणार. सोलर जरूर टाका, पण आधी गरज कमी करा; पॅनेलही कमी लागतील.

नाशिकची हवा हा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा १० च्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तशा सकाळी डँपर उघडला की चिलरला सुट्टी. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं सोपं नाही.

आणि खर्चाचं म्हणाल, तर २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या रूम एसींना २४ डिग्री हे डीफॉल्ट सक्तीचं झालं. त्यासाठी काही नवं यंत्र लागलं नाही, सुरुवातीचा आकडा तेवढा बदलला. तेही कंट्रोलच.

एक मात्र आपलं शंभर टक्के खरं: बीएमएस (इमारतीची यंत्रणा एका संगणकावरून चालवणारी प्रणाली) बसवतात आणि वर्षभरात त्या संगणकावर धूळ साचते. म्हणूनच मी आधी ऑपरेटरला शिकवा म्हणतो.

आज रात्री दहाला आपल्या पॅनेल रूममध्ये एक चक्कर मारा. सिलेक्टर कशावर आहे आणि कोणकोणत्या मोटरी चालू आहेत ते कळवा, पुढचं आपण मिळून बघू.