पेड फायरवॉल आम्ही का विकली नाही : एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काकाजी,

तुमचा रिव्ह्यू वाचला. नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाच्या तीन कॉम्प्युटरसाठी पेड फायरवॉलचं (म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरनेटमधली नको ती ये-जा अडवणाऱ्या विकतच्या प्रोग्रॅमचं) लायसन्स घ्यायला तुम्ही बर्डीवर आमच्याकडे आलात, आम्ही विंडोजच्या सेटिंग दाखवत बसलो आणि शेवटी ‘हे घेऊ नका’ म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. मग तेच लायसन्स तुम्ही ऑनलाइन घेतलं. ‘गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असेल तर दुकानदाराने माल द्यावा, शहाणपण शिकवू नये,’ हे तुमचं वाक्य. भर उन्हात बर्डीच्या गर्दीतून आलेल्या माणसाला राग येणारच. पण तुम्ही आज पुन्हा आलात तरी मी तेच सांगीन. का, ते सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे बरेच जण येतात.

पेड फायरवॉल एकेकाळी खरोखर कामाची वस्तू होती. २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण बंद असायची आणि ती चालू करावी लागते हेच कोणाला माहीत नव्हतं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस, पसरला. नुसतं इंटरनेट जोडलं, कुठेही क्लिक केलं नाही, तरी स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट. त्या काळात झोनअलार्म किंवा सायगेटची फायरवॉल टाकणारा माणूस शहाणाच होता. पुढे ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने फायरवॉल मुळातच चालू करून दिली. तीही फक्त बाहेरून आत येणारं अडवायची. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनवर नियम लावायची सोय एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आली. आज विंडोज १० आणि ११ मध्ये या दोन्ही गोष्टी आहेत, फुकट आहेत आणि बाहेरून न बोलावता येणारं कनेक्शन मुळातच बंद आहे. वर तुमच्या ब्रॉडबँडचा राउटर. आतल्या मशीनने मागितलं नाही ते तो सहसा आत सोडतच नाही.

मग पेड फायरवॉल वेगळं काय देते? मुख्य म्हणजे ती विचारते. विंडोजची फायरवॉल, आपण वेगळा नियम लावला नसेल तर, बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. पेडवाली थांबवून विचारू शकते की अमुक प्रोग्रॅम इंटरनेटवर जातोय, जाऊ देऊ का? ऐकायला छान वाटतं. आता सोमवारची सकाळ डोळ्यांपुढे आणा. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे, तुमचा मुलगा बिल काढतोय आणि मधेच चौकोन येतो की ‘एसव्हीसीहोस्ट’ला बाहेर जायचंय, ‘अलाऊ’ की ‘ब्लॉक’? हे नाव विंडोजच्याच एका फाइलचं आहे, तिच्यातून कितीतरी सेवा चालतात आणि काही व्हायरससुद्धा हेच नाव लावून फिरतात. तो काय दाबेल? दोनदा ‘ब्लॉक’ दाबलं तर विंडोजचे अपडेट अडकू शकतात, प्रिंटर नेटवर्कवर दिसेनासा होऊ शकतो, आणि मग तुमचा फोन मला येतो. तिसऱ्या दिवसापासून जे येईल त्याला ‘अलाऊ’. जी फायरवॉल विचारते आणि जिला दरवेळी ‘हो’च मिळतं, तिचे पैसे वाया गेले असं मी मानतो.

दुसरी गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. एखादा वाईट प्रोग्रॅम अ‍ॅडमिनच्या, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलता येण्याच्या, अधिकाराने चालला, तर तो फायरवॉलमध्ये स्वतःसाठी वाट काढू शकतो किंवा ब्राउझरच्या आडून बाहेर जाऊ शकतो, आणि ब्राउझरला तर तुम्ही आधीच परवानगी दिलेली असते. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतात, आपणच ‘अलाऊ’ दाबतो. तिथे कोणतीही फायरवॉल काही करू शकत नाही. असं कोणासोबत झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

तुमच्या मशीनवर आम्हाला काय दिसलं ते मी इथे चारचौघांत लिहिणार नाही. पण इतवारी, गांधीबागेतल्या दुकानांत नेहमी दिसणारी गोष्ट सांगतो. मालकाला रात्री घरून टॅली बघायची असते. कोणीतरी येऊन राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, म्हणजे बाहेरून थेट दुकानाच्या मशीनपर्यंत वाट काढून देतो, आणि रिमोट डेस्कटॉपचा (लांबून मशीन चालवायच्या सोयीचा) ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे दार, सगळ्या जगाला उघडा होतो. पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढे १२३. अशी उघडी मशीन शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. पासवर्ड लागला की टॅलीच्या फाइली लॉक आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. तिथे पेड फायरवॉल लावणं म्हणजे मागचं दार सताड उघडं ठेवून पुढच्या शटरला आणखी एक कुलूप घालणं. तो पोर्ट आपणच उघडायला सांगितलाय, म्हणून ती तिथून येणाऱ्याला आत येऊ देते.

याचा इलाज पैशाचा नाही. पोर्ट फॉरवर्डिंग काढायचं आणि घरून टॅली बघायचीच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे घर ते दुकान अशा बंदिस्त खासगी जोडणीतून, बघायची. रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेला यूझर द्यायचा. टॅलीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायचा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवलेली डिस्कही लॉक होते. आणि विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तिकडे आधी बघा. फायरवॉलसाठी काढलेले पैसे या डिस्कवर आणि अपग्रेडवर गेले तर मला जास्त आनंद आहे.

पेड फायरवॉल आम्ही कोणालाच विकत नाही असं नाही. कोणता प्रोग्रॅम कुठे डेटा पाठवतो हे रोज बघणारा, येणारा प्रश्न वाचून उत्तर देणारा माणूस असेल तर त्याला ती उपयोगी पडते. पण त्यालाही मी आधी टायनीवॉल नाहीतर बिनिसॉफ्टची विंडोज फायरवॉल कंट्रोल वापरून बघायला सांगतो. दोन्ही फुकट आहेत आणि विंडोजमधल्याच यंत्रणेवर चालतात. महिनाभर वापरून त्यात काही कमी वाटलं तरच पैसे खर्च करा. अँटीव्हायरसचं टोटल सिक्युरिटी पॅकेज आधीच घेतलेलं असेल तर त्यात फायरवॉल असतेच बहुतेक, वरून दुसरी टाकली की दोघी एकमेकींच्या पायात येतात. पंधरा-वीस मशीनचं ऑफिस असेल तर वेगळी हार्डवेअर फायरवॉल, म्हणजे सगळ्या मशीनसाठी एकच स्वतंत्र डबा, लागते, मशीनगणिक लायसन्स नाही.

आता तुम्ही लायसन्स घेतलंच आहे, तर तीन कामं करा. ऑटो रिन्यूअल आजच बंद करा, कारण पहिल्या वर्षाच्या सवलतीचा भाव दुसऱ्या वर्षी बहुधा राहत नाही. रिफंडची मुदत किती आहे ते बिलावरच्या अटींत बघा. आणि मुदत संपल्यावर विंडोजची फायरवॉल आपोआप परत चालू होते का, ते कंपनीला लेखी विचारा.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. राउटर बघून द्यायचं आमचं काम राहिलंच आहे, त्या दिवशी तुम्ही उठून गेलात म्हणून. रविवार सोडून कधीही या, त्याचे पैसे घेणार नाही. येताना राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणा. तो माहीत नसेल तर कनेक्शन लावून देणाऱ्या मुलाकडून आधी मागून घ्या, नाहीतर पुन्हा हेलपाटा होईल.