चप्पल निसटली तर म्हातारपण म्हणू नका

आज सकाळी शेजारच्या मावशींकडे डोकावलो. महिन्यापूर्वी बेळगावात त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं, साकळलेलं रक्त काढलं. मावशी भिंतीला टेकून पेंगत होत्या. दोनदा हाक मारल्यावर डोळे उघडले आणि मला आमच्या आबांच्या नावानं हाक मारली. सून म्हणाली, "दोन दिवस असंच चाललंय. वय झालंय की हो आता."

डोकं तापलं माझं. तिच्यावर नाही. तिला कुणी सांगितलंच नाही, म्हणून.

आमचे आबा जुलैत परसातल्या शेवाळावर घसरले, डोकं चौकटीला आपटलं. साधं टेंगूळ. खानापूरच्या पावसात घसरणं कुणाला नवं? सहा आठवड्यांनी बोलताना शब्द सापडेनात. सीटी स्कॅन केलं तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणतात, एवढ्याशा धक्क्यानं एखादी झिरपायला लागते. कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं. जुन्या इंजिन ऑइलसारखं काळं होतं म्हणे. उरलेलं रक्त बाहेर वाहून जायला दोन दिवस डोक्यात नळी, आठवड्यात घरी. आम्ही अख्ख्या गल्लीला कुंदा वाटला.

पाचव्या आठवड्यात आबांच्या उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल अंगणात मागे, आबा पुढे, त्यांना पत्ताच नाही. आणि मी काय म्हणालो? "आबा, नीट घाला की चप्पल." सहा दिवस हेच म्हणत होतो. सातव्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना. त्याच जागी परत रक्त भरलं होतं. तीच भोकं परत उघडली.

हे आक्रीत नव्हतं. साधारण १० जणांत एक-दोघांना होतंच. रक्त काढलं तरी त्याभोवती धरलेली पातळ पिशवी आत राहते, तिच्या नाजूक शिरा पुन्हा झिरपतात. दबलेला मेंदू लगेच फुगून जागा भरत नाही, पोकळी राहते. नळी ठेवली तर हा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००९ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलंय. आबांना नळी होती, तरी झालं. मग पहिल्या डिस्चार्जला आम्हाला हे का नाही सांगितलं? हातात चार पानं इंग्रजी, वर घाईघाईत कानडीतून दोन वाक्यं. आमच्याकडे मराठी कागद मागितला की लगेच १९५६ निघतं. मला आज सीमाप्रश्न काढायचा नाही. रात्री म्हाताऱ्याच्या उशाशी जी सून बसते, तिला वाचता येतील अशा चार ओळी द्या, एवढंच.

दवाखान्यात चंदगडपासून अथणीपर्यंतची गर्दी असते, डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मान्य.

आणि हेही लिहायलाच हवं. दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी एक कानडी सिस्टर आबांच्या खाटेवर बसली. मोडक्या मराठीत म्हणाली, "काका पाय ओढतेत काय, रोज बघा. झोप जास्त, डोकं दुखतंय, उलटी, बोलणं चुकतंय, तर थांबू नका, या." आमच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तिचं नावही विचारायचं राहिलं. त्या चपलेचं तिला सांगितलं तेव्हा माझा हात धरून गप्प बसली होती.

मावशींच्या लेकाला मी आज सगळं सांगितलं. तेव्हा कळलं की हृदयासाठीची रक्त पातळ करायची गोळी त्यानं जुन्या पाकिटातून आपल्या मनानंच परत सुरू केलीय. अरे, ती कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारायचं! बंद ठेवण्यातही धोका असतो, म्हणूनच विचारायचं. तो उद्या बघू म्हणत होता. मी गाडी काढली.

आत्ता बेळगावातूनच लिहितोय. मावशींना सीटीला आत नेलंय. जुनी फिल्म घरी राहिली होती, ती घेऊन धाकटा खानापुरातून निघालाय.