धुऱ्याला धुरा लागून आहे त्यांना विचारा

रशिया-युक्रेनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, अमेरिकेनं फूस लावली, नाटो ही त्यांची लष्करी युती पार रशियाच्या दारात गेली, मग तो काय हात बांधून बसणार? दुसरी म्हणते, पुतिन माथेफिरू आहे, विषय संपला. दोघांचीही नजर मॉस्को नाही तर वॉशिंग्टन. ज्यांचं वावर रशियाला लागून आहे, त्यांना काय वाटतं हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जेवढी भांडणं होतात तेवढी दारूवरूनही होत नसतील. शेजारी दरसाल नांगरताना एखादा तास (नांगराची रेघ) सरकतो. पाच-सात वर्षांनी मोजणी आणली की कळतं, अर्धी बांधी त्याच्याकडे गेली. मग गाव जमतं. ज्याचं काही जात नाही तो म्हणतो, "जाऊ द्या ना जी, शेजारी आहात, मिटवून टाका." आणि त्याच शेजाऱ्याला दुसऱ्या अंगानं लागून असलेला शेतकरी बैठकीत तोंडही उघडत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन स्वतःच्या हद्दीचे दगड बघून येतो.

२०२२ मध्ये फिनलंडनं हेच केलं. रशियाशी त्यांची हद्द सुमारे १,३४० किलोमीटर. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा त्यांच्यावर चालून आल्या होत्या. साडेतीन महिने फिनिश लोक लढले, पण शेवटी कारेलियाचा मोठा भाग सोडावा लागला आणि चार लाखांवर माणसं घरदार टाकून उठली. त्यानंतर कित्येक दशकं हा देश मॉस्कोला राग येणार नाही अशा बेतानं वागला आणि नाटोत गेला नाही. तिथल्या सर्वेक्षणांत नाटोच्या बाजूनं वर्षानुवर्षं पाव-एक लोक असायचे. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि काही आठवड्यांत तो आकडा साठ टक्क्यांच्या पुढं गेला. ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोत होता. नाटो रशियाच्या दारात कशी जाते, हे ज्याला खरंच समजून घ्यायचं आहे त्यानं हे एवढं प्रकरण नीट वाचावं. तिथं कोणी कोणाला ओढून नेलं नाही. लोकांनीच सरकारला पुढं ढकललं.

एस्टोनिया, लातविया, लिथुआनिया यांचं तर विचारूच नका. १९४० मध्ये तिन्ही देश सोव्हिएत संघानं गिळले. १९४१ आणि १९४९ मध्ये हजारो कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत घालून सायबेरियाकडे पाठवली. तिथल्या पुष्कळ घरांत कोणाची ना कोणाची आजी त्या गाडीत होती. अशा माणसाला आपण इथून सांगायचं, की बाबा रे, रशियाच्या सुरक्षेची काळजीही समजून घे?

पण शेजाऱ्यांचं मत म्हणजे एकच मत, असंही नाही. एस्टोनियात नार्वा नावाचं शहर आहे. नदीच्या अलीकडे यांचा किल्ला, पलीकडे रशियाच्या इवानगोरोदचा किल्ला, समोरासमोर. नार्वात बहुतेक लोक रशियन बोलतात. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनं तिथला स्मारकाचा टी-३४ रणगाडा हलवला, तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांना वाईट वाटलं. त्यांच्या लेखी तो हिटलरला हरवणारा रणगाडा होता. बाकीच्या देशाच्या लेखी तो पन्नास वर्षांच्या कब्जाचा. एकाच शहरात दोन आठवणी राहतात, आणि दोन्ही खोट्या नाहीत.

पोलंड मला जास्त जवळचा वाटतो, कारण तिथं मध्ये शेतकरी येतो. युद्ध सुरू झालं तेव्हा या लोकांनी अनोळखी बायापोरांना घरात घेतलं. युक्रेनमध्ये शिकणारी आपली मेडिकलची पोरंही त्या गर्दीतूनच पोलंड, रुमानिया, हंगेरीत निघाली आणि ऑपरेशन गंगाच्या विमानांनी घरी आली. मग वर्षभरात युक्रेनचा गहू-मका पोलंडच्या बाजारात उतरला आणि भाव पडले. एप्रिल २०२३ मध्ये पोलंडनं ते धान्य आणण्यावर बंदी घातली. पुढं शेतकऱ्यांनी सीमेवर ट्रॅक्टर लावले, वॅगनमधलं धान्य खाली सांडलं. आपल्याकडचे हुशार लगेच म्हणाले, बघा, प्रेम आटलं! अरे, मी धान लावतो. भाव पडल्यावर माणूस काय करतो ते मला माहीत आहे. धान्य अडवलं म्हणून तो शेतकरी रशियाचा झाला नाही. त्याच पोलंडमधून युक्रेनला जाणारी मदत तेव्हाही सुरूच होती.

हंगेरीचं कोडं मात्र मला पूर्ण सुटलेलं नाही. १९५६ मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यावर सोव्हिएत रणगाडे फिरले, आणि त्याच देशाचं पंतप्रधान ऑर्बान यांचं सरकार युक्रेनच्या मदतीत पुन्हा पुन्हा पाय घालत राहिलं. रशियाचा गॅस हे एक कारण, युक्रेनमध्ये राहणाऱ्या हंगेरियन लोकांवरून जुनी कुरबुर हे दुसरं. एवढ्यानं सगळं समजतं असं मला वाटत नाही.

आणि जॉर्जिया. रशियाशी झालेल्या ऑगस्ट २००८ च्या युद्धानंतर, जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेतियाच्या रेषेवर रशियन सैनिक काटेरी तार ठोकतात, हिरव्या पाट्या लावतात. ती तार पुढं सरकते. माणूस रात्री आपल्या घरात झोपतो आणि काही दिवसांनी त्याची बाग तारेपलीकडे गेलेली असते. तिथं मोजणीचा अर्ज कोणाकडे करणार? तरी जॉर्जियाच्या सरकारनं रशियावर निर्बंध लावले नाहीत, आणि राजधानी तिबिलिसीच्या भिंती मात्र युक्रेनच्या बाजूच्या घोषणांनी भरल्या. सरकारला भीती, लोकांना चीड. कझाकस्तानचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव तर जून २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पुतिन शेजारी बसलेले असताना म्हणाले, की युक्रेनमधून तोडलेल्या दोनेत्स्क-लुहान्स्कला आम्ही देश मानणार नाही. साडेसात हजार किलोमीटरची हद्द लागून असताना हे बोलायला छाती लागते.

आता "आपल्याला काय करायचं" म्हणणाऱ्यांनी जरा गोठणगावकडे या. प्रतापगडच्या पायथ्याशी तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७० च्या दशकात वसलेली. रंगीत पताका, मठ, आणि हिवाळ्यात स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरात जाणारी माणसं. ही माणसं इथं धानाच्या मुलखात का आली? ऑक्टोबर १९५० मध्ये चीनची फौज पूर्व तिबेटातल्या चामदोत शिरली. तिबेटनं संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. प्रश्न उचलला कोणी, तर एल साल्वादोरनं! शेजारी होतो आपण, आणि आपल्या प्रतिनिधीनं सांगितलं की शांततेनं मिटेल. विषय बाजूला पडला. ७ नोव्हेंबर १९५० ला सरदार पटेलांनी नेहरूंना पत्र लिहून धोका दाखवला होता, पण १९५४ च्या करारात आपण "चीनचा तिबेट प्रदेश" असं लिहून दिलं. १९५९ मध्ये दलाई लामा आले, त्यांना जागा दिली, ते चांगलंच केलं. २० ऑक्टोबर १९६२ ला मात्र चीन आपल्याच धुऱ्यावर आला. तोवर आपणही "मिटवून टाका" म्हणणाऱ्यांतच होतो.

पानठेल्यावर हे बोललो तर एक काका चिडले. "रशियानं ७१ मध्ये आपल्याले साथ देल्ली, हे इसरले का जी?" नाही विसरलो, काका. सुरक्षा परिषदेत त्यांनी नकाराधिकार वापरला, त्याचं ऋण आहेच. पण ती साथ सोव्हिएत संघाची होती, आणि त्यात युक्रेनही होता. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं, ३५ तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. सरकारला तेल, खत, शस्त्रं बघावी लागतात. त्यानं राहावं तटस्थ. मी कशाला राहू?

आणि कमेंटमध्ये "मग इराकचं काय" असं कोणी टाकणारच, म्हणून आधीच लिहितो. तिथंही माझं माप हेच. १ मार्च २००३ ला इराकला लागून असलेल्या तुर्कस्तानच्या संसदेत, स्वतः नाटोत असूनही, अमेरिकी फौजेला वाट देणारा ठराव पडला. तेव्हाही शेजाऱ्याचं ऐकायला हवं होतं, आणि अमेरिकेनं ऐकलं नाही.