न झालेल्या आजाराचे बिल

झालेल्या आजारावर पैसे खर्च करताना मध्यमवर्गीय माणूस कुरकुरतो, पण देतो. जो आजार झालेलाच नाही, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे वेळेवर पैसे दिले तर होणारही नाही, त्यावर खर्च करायची वेळ आली की मात्र त्याची मती गुंग होते, कारण या व्यवहारात हाती काहीच पडत नाही. साडी घेतली तर साडी दिसते, कुंदा ही मिठाई आणली तर निदान रिकामा डबा तरी उरतो. लस टोचली तर कुत्रा आदल्या दिवशी होता तसाच दुसऱ्या दिवशीही असतो, फक्त आपल्याकडे जरा संशयाने पाहू लागलेला असतो.

आमची कुत्री आम्हाला फुकट मिळाली. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने ती गावाकडून आणून देताना ‘अस्सल मुधोळ आहे’ असे छातीवर हात ठेवून सांगितले होते. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ म्हणजे घोरपड्यांचे संस्थान, आणि तिथल्या शिकारी कुत्र्याचे चित्र टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापलेले. तेव्हा अशा घराण्यातली कन्या बेळगावात आपल्या दोन खोल्यांच्या घरी नांदायला आली, या कल्पनेने आम्ही काही दिवस भारावून गेलो. टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर उभी करून पुढून, मागून पाहिले आणि सांगितले, “पाय मुधोळचे असतील. शेपूट मात्र आपल्या शहरातल्याच अनगोळची दिसते.” रंग मात्र निःसंशय बेळगावचा, म्हणजे नीट आटवलेल्या कुंद्याचा होता, म्हणून तिचे नाव कुंदा ठेवले गेले. शेपटीचा उलगडा झाल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की आता लसही थोडी स्वस्तातली चालेल. डॉक्टरांनी तो चेहऱ्यावरून ओळखला असावा. ते म्हणाले, “जात कुठली का असेना, डोस एक मिलिलिटरच.” ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा असो की गल्लीतले पिल्लू, रेबीजची लस सर्वांना सारखीच टोचली जाते. इतकी कडक समता मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात पाहिलेली नाही.

पहिल्या भेटीचे बिल असे होते: तपासणीचे तीनशे, ‘नाइन इन वन’ नावाच्या लसीचे नऊशे, जंतांच्या औषधाचे साठ. एकाच कुपीत नऊ म्हटल्यावर प्रत्येकी शंभर, म्हणजे सौदा वाईट नाही, असा हिशेब मी मनात मांडला आणि कोणते नऊ ते विचारले. डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्वो, पॅराइन्फ्लुएन्झा, कोरोना, लेप्टो, इथपर्यंत बोटे मोजता आली. पुढे लेप्टोचेच निरनिराळे प्रकार सुटे मोजलेले आहेत असे कळल्यावर मला फसवल्यासारखे वाटले. पण लेप्टो उंदरांच्या मुतातून पसरतो, साचलेल्या पाण्यातून अंगात शिरतो आणि माणसालाही होतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा बाहेर बेळगावचा पाऊस कोसळत होता आणि कुंदा आमच्या गल्लीच्या गटारातले पाणी ज्या चवीने पिते ते मला आठवले. प्रकार सुटे मोजायला मी तिथल्या तिथे संमती दिली.

खरा धक्का पुढे होता. हीच लस तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची, मग आणखी एकदा, आणि मधे रेबीजची वेगळी. पहिली लागली नाही म्हणून दुसरी द्यायची असेल तर पहिलीचे पैसे परत का मिळत नाहीत, असा सरळ प्रश्न आईने घरी विचारला. डॉक्टरांचे उत्तर मी तिला जमेल तसे समजावले: पिल्लाला आईच्या दुधातून जे संरक्षण मिळालेले असते तेच लसीला आत शिरताच हाणून पाडते, आणि दुधाचा हा असर कोणत्या आठवड्यात उतरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असल्यामुळे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने टोचत राहावे लागते, म्हणजे त्यातली एखादी नेमकी वेळेवर बसते. आईने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘आईचं दूध आडवं येतं’ हे वाक्य पुढच्या प्रत्येक डोसाच्या वेळी, कधी अभिमानाने तर कधी माझ्याकडे रोखून पाहत, उच्चारले.

या सगळ्या खर्चाला आमच्या घराण्यातून मुख्य विरोध होता तो खानापूर तालुक्यातल्या काकांचा. त्यांच्या घरी दोन म्हशी, भाताची शेती आणि रानडुकरांवर भुंकायला कायम दोन-तीन कुत्री. “आमच्या वाघ्याला कवा सुई लागली नाही. शिळी भाकरी खातंय, रानात हिंडतंय, मस्त आहे की,” हे त्यांचे म्हणणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि बरीच वर्षे मला ते बिनतोड वाटत होते. मग ध्यानात आले की माझ्या मुंजीत होता तोही वाघ्या, बहिणीच्या लग्नात होता तोही वाघ्या आणि परवा पाहिला तोही वाघ्याच. काकांच्या घरी एक वाघ्या गेला की पुढच्या बाजारच्या दिवसापर्यंत दुसरा येतो, त्याला तेच नाव आणि तेच खापराचे भांडे मिळते, आणि वाघ्या या पदाला आजवर कधी काही झालेले नाही. पार्वो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, रक्ताच्या हगवणीने दोन-चार दिवसांत पिल्लू नेतो, वगैरे मी सांगू लागलो की काका ‘ते नजर लागल्यालं’ म्हणून विषय संपवतात.

रेबीजबाबत मात्र त्यांचा युक्तिवाद मला आजही मोडता आलेला नाही. सरकारी रुग्णालयात कुत्रा चावलेल्या माणसाला लस फुकट मिळते. पहिल्या दिवशी एक, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. “म्हणजे चावल्यावर पाच सुया फुकट, आणि चावायच्या आधी कुत्र्याला एक टोचायची तर तुझ्या खिशातले साडेतीनशे! काय सांगूलास हे? कुठला हिशेब रे हा?” यावर मी त्यांना लुई पाश्चरने १८८५ साली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिल्यांदा ही लस कशी टोचली ते सांगितले, रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही हे सांगितले, आणि गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हेही सांगितले. काकांना पाश्चरमध्ये रस नव्हता. त्यांनी शर्ट वर करून बेंबीभोवतालची जागा दाखवली, जिथे त्यांना लहानपणी चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती, आणि ‘हे फुकटच होतं’ असे सांगितले.

त्यांच्या गोठ्यात तर हा अन्याय अधिकच ठसठशीत दिसतो. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला पशुसंवर्धन खात्याची माणसे वर्षातून दोनदा दारात येतात, केंद्र सरकारच्या २०१९ पासूनच्या कार्यक्रमात या लसीला पैसा पडत नाही, आणि प्रत्येक म्हशीच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला डौलात लटकत असतो. कुंदाला आम्ही तिकडे नेले होते तेव्हा खात्याचा माणूस नेमका आलेला होता. दोन्ही म्हशी फुकट टोचून झाल्यावर माझी नजर कुंदाकडे आणि तिची माझ्याकडे गेली. तो हसून म्हणाला, “दूध देत असली तर बघूया, सर.”

सीमाभागात राहण्याचा एक फायदा असा, की कोणत्याही वस्तूचा भाव दोन राज्यांत विचारून पाहता येतो. कोल्हापूरकडची वाहने पेट्रोल भरायला निपाणीकडे येतात, मग बेळगावच्या कुत्रीने लस टोचायला गडहिंग्लजला का जाऊ नये, असा विचार माझ्या मेव्हण्याने मांडला. तो तिकडचाच. त्याच्या डॉक्टरांकडे तीच लस दीडशे रुपयांनी कमी होती. हिशेब केला तेव्हा लक्षात आले की आमच्याकडची सरकारी बस कोंबडीचेसुद्धा तिकीट फाडते, तिथे कुंदाला मांडीवरचे बाळ म्हणून खपवणे अशक्य. आणि संकेश्वरला गाडी बदलताना ती कोणत्या राज्यात पळून जाईल याचा भरवसा नव्हता. मग मेव्हण्याने उलट मार्ग सुचवला: कुत्री तिथेच राहू दे, मी लसच पाठवतो, थर्मासमध्ये बर्फ घालून. आमच्या डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले की लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, तापली तर निकामी आणि बर्फाला चिकटून गोठली तरी निकामी. “शिवाय सीमेच्या पलीकडून थर्मासमधून आलेल्या कुपीचे लेबल मी कार्डावर कोणत्या तोंडाने चिकटवू?” असे त्यांनी वर विचारले. पेट्रोलला असली नाजूक प्रकृती नसते, म्हणून त्याची आंतरराज्य उलाढाल चालते.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हा स्वस्त पर्याय आहेच, आणि तिथल्या हाताबद्दल माझे मत चांगले आहे. ज्या माणसाने सकाळपासून अडलेल्या म्हशी सोडवल्या आहेत, तो कुत्रीला ‘गुड गर्ल’ वगैरे म्हणत बसत नाही. तिला कळण्याआधी सुई आत-बाहेर झालेली असते. अडचण एवढीच, की रांगेत पुढे जर्सी गाय, मागे चार शेळ्या आणि बाजूला टोपलीत कोंबड्या असल्या की कुंदाच्या अंगातले मुधोळ जागे होते. कपाटात त्या दिवशी रेबीजची लस असेलच असेही नसते. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाच्या सुमारास मोफत टोचणीची शिबिरे भरतात, तेव्हा मात्र अख्खे शहर कुत्र्यासह लोटते, आणि आपले साडेतीनशे वाचवायला आलेल्यांत मोटारीतून उतरणारे लोक पाहून मला माझ्या काटकसरीबद्दल वाटणारा संकोच पार गेला.

टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत एके काळी माणसांसाठी देवीची लस तयार होत असे, तिथेच आम्ही कुंदाला सकाळी फिरवतो. देवीचा रोग १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. त्या झाडीतले गोचीड मात्र जागेवरच आहेत. आणि हे सांगितलेच पाहिजे, की लशीच्या खर्चाचा एवढा बोभाटा होतो तो निव्वळ ती सुई दिसते म्हणून. वर्षाचा खरा खड्डा पाडतात ते गोचीड आणि जंत. जंतांची गोळी दर तीन महिन्यांनी, गोचिडाचे मानेवर टाकायचे औषध पावसाळ्यात दर महिन्याला. नाही टाकले तर गोचीड-ताप, त्याची रक्ततपासणी आणि महिनाभराच्या गोळ्या, ज्याच्या बिलापुढे नाइन इन वन हा शकुनाचा नारळ वाटावा. इथे लसीसारखी समता नाही. औषध वजनावर असते: दहा ते वीस किलोचे पाकीट वेगळे, वीसच्या वरचे वेगळे आणि महाग. कुंदा साडेएकोणीसवर होती. आईला मी परोपरीने सांगितले की या महिन्यात तिला लोण्याची भाकरी नको. घरी वजन करायची पद्धत अशी, की मी तिला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि मग माझे वजन वजा करायचे. वजाबाकीनंतर तिचे वजन कळते आणि वजाबाकीच्या वेळी सर्वांना माझे. ती वीस किलो तीनशे ग्रॅम भरली. आईने लगेच तोडगा काढला: “तूच दोन किलो जास्त सांग की तुझं.”

बाकीचे किरकोळ. पशुवैद्याच्या सेवेवर जीएसटी नाही, पण कुंदा टेबलावर स्थिर राहावी म्हणून घेतलेल्या तयार खाद्याच्या पुडीवर १८ टक्के आहे; आणि बेळगावच्या रिक्षात मीटर हा शोभेचा भाग असल्यामुळे कुत्रीसह भाडे हा वाटाघाटीचा स्वतंत्र विषय आहे. दवाखान्यात जाताना एक भाव ठरतो, येताना ती भिजलेली असेल तर दुसरा.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. शेजारच्या वाडीत एक पिसाळलेले कुत्रे शिरले होते आणि त्याने एका गोठ्यात बांधलेल्या गाभण म्हशीचा पाय फोडला होता. महिन्याभराने म्हैस चारा-पाणी सोडून हंबरत राहिली आणि गेली. लाखाच्या घरातली म्हैस. काका बराच वेळ तिच्या दुधाबद्दल, तिच्या शिंगांबद्दल, घेतली तेव्हाच्या किमतीबद्दल बोलत राहिले. मग जरा थांबून, जणू सहज आठवले म्हणून, त्यांनी विचारले की कुंदाला टोचतात ती सुई नक्की केवढ्याची. मी साडेतीनशे सांगितले. पलीकडे हिशेब चालल्याचे ऐकू येत होते.

“तुझा डॉक्टर वळखीचा आहे नव्हं?” ते म्हणाले. “मग विचार की त्याला. वाघ्या धरून तीन हायती. तिन्ही एकदम टोचून घेतली तर कायतरी कमी करतोय काय?”