मोंढ्यातल्या शेठजींच्या रिव्ह्यूला उत्तर: 6:12 ची नोंद खोटी नाही

शेठजी, नमस्कार. मंगळवारी दुपारी तुमच्या आडतीची इंटरनेट लाईन दोन तास बंद होती. लाईन गेली की फायरवॉलकडून (इंटरनेटच्या लाईनवर पहारा देणारी पेटी) मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर अलर्ट यायला पाहिजे होता, तो आला नाही. हा अलर्ट आम्हीच लावून, टेस्ट करून दिला होता. सोयाबीनच्या ऐन सीझनमध्ये पेमेंटं अडकली. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत, "टेस्ट केलीच नाही. दहा मिनिटं बसले आणि लॉगमध्ये सकाळी 6:12 ची खोटी नोंद टाकून गेले. तेव्हा तर आमचं शटरही उघडत नाही." हे फार लागलं. परभणीत आमचं काम तोंडी शब्दावर चालतं, म्हणून सविस्तर सांगतो.

लॉग म्हणजे फायरवॉलची नोंदवही. फायरवॉलचं घड्याळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. आपली वेळ त्याच्या 5 तास 30 मिनिटं पुढे असते. लॉगमधले 6:12 म्हणजे आपले 11:42. तुम्ही फोटोत पहिलीच ओळ टाकली. तिच्या खाली 6:28, 6:50 आणि 7:01 अशा अजून तीन नोंदी आहेत, म्हणजे 11:58, 12:20 आणि 12:31. कामाच्या कागदावर येण्याची वेळ 11:10 आहे आणि 12:50 ला मुनीमजींची सही आहे. हा हिशोब दहा मिनिटांचा नाही. टाइम झोन बदलायचा राहिला, ती चूक आमची. नोंद मात्र खरी आहे.

11:42 ला टेस्टचं बटन दाबलं. त्या बटनावरून फायरवॉलपासून कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढंच कळतं. लाईन खरंच गेल्यावर फायरवॉलला ते समजेल का, हे त्यातून कळत नाही. बरेच जण इथेच थांबतात, आम्ही थांबलो नाही. 11:58 ला इंटरनेटची केबल प्रत्यक्ष उपसली. साधारण वीस सेकंदांनी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात अलर्टची पाटी आली. एखादं पिंग (लाईन जिवंत आहे का ते बघायची हाक) हुकलं म्हणून फायरवॉल लगेच लाईन मेली असं धरत नाही, तेवढा वेळ जाणारच. 12:20 ला मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून लॉगिनचा अलर्ट पाहिला. 12:31 ला कॉम्प्युटर बंद-चालू करून परत बटन दाबलं, कारण अलर्ट घेणारा प्रोग्राम आपोआप सुरू झाला नाही तर बाकी सगळं फुकट.

मग मंगळवारी काय झालं? मुनीमजींच्या टेबलामागची केबल त्याआधीच उंदरांनी कुरतडली होती. दुकानातल्या कोणीतरी यूएसबी वायफाय डोंगल लावून काम चालू केलं. डोंगलचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) वेगळा, म्हणून आम्ही कॉम्प्युटरला बांधून दिलेला 192.168.1.50 हा नेटवर्कमधला पत्ता सुटला आणि 192.168.1.63 मिळाला. फायरवॉल जुन्याच पत्त्यावर यूडीपी नावाच्या पद्धतीने, 514 नंबरच्या पोर्टवर अलर्ट पाठवत राहिली. यूडीपीत पोच मिळत नाही, त्यामुळे माल पोहोचला नाही हे फायरवॉलला कळलंच नाही. शिवाय नवं वायफाय विंडोजने पब्लिक, म्हणजे परकं नेटवर्क म्हणून धरलं आणि अलर्ट आत घेण्याचा आमचा परवानगीचा नियम प्रायव्हेट, म्हणजे घरच्या नेटवर्कपुरता होता. पत्ता जुळला असता तरी विंडोजने दारातच अडवलं असतं. मंगळवारी लाईन जाईपर्यंत डोंगलवर इंटरनेट चालत होतं, म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या खेपेचे 500 रुपये घेतले, ते हे दुरुस्त करण्याचेच. निघण्याआधी फोनवर सांगितलं होतं आणि तुम्ही "या" म्हणालात. त्यात 12 मीटर नवी केबल पाइपातून ओढून दिली, पत्ता परत बांधला, नियम दुरुस्त केला. केबलच्या टोकांचे दोन कनेक्टर बिलात लावलेही नाहीत.

एक गोष्ट आमच्याकडून खरंच सुटली होती. हिशोबाचं सॉफ्टवेअर पूर्ण स्क्रीनवर असलं की विंडोज 11 डू नॉट डिस्टर्ब लावून पाट्या दाबून ठेवतं. आम्ही टेस्ट मोकळ्या स्क्रीनवर घेतली, मुनीमजी दिवसभर काम करतात त्या स्क्रीनवर नाही. आता ती सेटिंग बंद केली आहे, टाइम झोनही बदलला आहे. यापुढे सगळ्या गिऱ्हाइकांकडे चालू कामातच टेस्ट घेऊ, आणि महिन्यातून एकदा फोन करून केबल उपसून बघायचंही काहीतरी बसवतो, सीझन उरकला की.

लाईट गेली की फायरवॉल यूपीएसवर चालू राहते, पण तुमचा नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबली जोडलेली पेटी) बंद पडतो. त्या वेळचा अलर्ट मुनीमजींपर्यंत येणार नाही. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं आहे, स्विचची पिन यूपीएसला तेवढी लावून घ्या.

पूर्ण लॉगची प्रिंट उद्या पोराच्या हाती दुकानावर पाठवतो, कागदाशी जुळवून बघा. तारा एकच राहू द्या, आमचं काही म्हणणं नाही. "खोटी नोंद" एवढे दोन शब्द काढावेत, ही हात जोडून विनंती.